लोखंडाचं वशिंड

जव्हारात मला लोक ‘सांध्याचे ओव्हरसियर’ म्हणतात. हे कौतुक आहे की चेष्टा, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही. एवढं मात्र खरं, की संस्थानच्या बांधकाम खात्यात आलो तेव्हापासून माझी सगळी हौस एकाच जागी अडकून पडली आहे. इमारतीत जिथे लोखंड संपतं आणि काँक्रीट सुरू होतं, ती जागा. भिंत काय, कुणीही बांधतो. गर्डर काय, दहा माणसं लावली की वर चढतो. पण दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तूंना एका ओझ्याखाली मिळून वागायला लावणं किती अवघड, ते एका बांधाला लागून शेतं असलेल्या दोन भावांना विचारा.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची भेटतात. इथल्या बाजारातल्या एका दुकानदाराच्या माडीचं काम मी केलं. गर्डर काँक्रीटमध्ये बुडवायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं घरातून काही वाईट बातमी आली.

“साहेब, मुंबईहून आणवलं, बैलगाडीनं घाट चढवलं, आणि आता गाडून टाकायचं? मग लोकांना कळणार कसं?”

मी म्हटलं, “शेठ, माडी पडली नाही की कळेल.”

ते त्याला पटलं नाही. शेवटी तडजोड झाली. गर्डरचा खालचा पट्टा उघडा ठेवला आणि त्याला लालभडक रंग दिला. अजूनही साखर तोलता तोलता तो एकदा छताकडे मान वर करतो आणि गिऱ्हाईक करतं की नाही ते बघतो. मीही त्याच्या दुकानात गेलो की न चुकता वर बघतो. सुपारी फुकट मिळते.

पण आज सांगायची आहे ती सज्ज्याची गोष्ट.

आमच्या सभागृहात दसऱ्याला नाटक कंपनी येते. सभागृह म्हणजे एक लांबरुंद खोली, समोर रंगमंच, मध्ये पुरुषांच्या सतरंज्या, पुढे मानकऱ्यांच्या खुर्च्या. बायकांसाठी बाजूची अरुंद पडवी, तीही बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. तिथून काय दिसतं, हे बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. ते मला भागीरथीबाईंनी ऐकवलं.

भागीरथीबाई संस्थानच्या दवाखान्यातल्या सुईणबाई. उंच, सावळ्या, आवाज दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचणारा. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातांनी या जगात आली, त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज चढत नाही. एका खेळानंतर त्यांनी मला दारातच गाठलं.

“ओव्हरसियरसाहेब, इतकी वर्षं मी नाटकं बघते. नायिकेचा डावा कान सोडून मी काही पाहिलेलं नाही. नायकाला तर मी चेहऱ्यानं ओळखत नाही, पाठीनं ओळखते. तुम्ही एवढे पूल बांधता, मोऱ्या बांधता. आम्हाला समोर बसायला एक फळी टाकता येत नाही?”

“बाई, समोर पुरुष बसतात.”

“मग त्यांच्या डोक्यावर बसवा.”

त्यांनी थट्टा केली होती. मी ती खरी धरली. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून, पुरुषांच्या डोक्यांवर, थेट रंगमंचासमोर सज्जा काढता येणार होता. मी नकाशा काढून दिवाणसाहेबांपुढे ठेवला. दिवाणसाहेब माणूस वाईट नव्हे, पण त्यांना सगळीकडे कागद ठेवायला जागा दिसायची. त्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, “जागा छान आहे. दप्तरखान्याला शोभेल.”

मी बराच वेळ बोललो. मी बोलायला लागलो की लोक लवकर कबूल होतात, केवळ मी थांबावं म्हणून. शेवटी त्यांनी निकाल दिला. दसऱ्याच्या खेळापर्यंत सज्जा उभा राहिला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं ओझं पेलून दाखवलं, तर तो बायकांचा. नाहीतर पुढे भिंत घालून तिथे संस्थानची जुनी दप्तरं जाणार, आणि बायका कायमच्या चिकाआड.

भागीरथीबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बाळंतपण मी अडू देत नाही. तुम्हीही अडू देऊ नका.”

आता थोडं धंद्यातलं सांगतो. कंटाळा आणणार नाही.

सज्ज्याखाली खांब चालणार नव्हते. खांब घातले असते तर मागच्या पुरुषांना नाटकाऐवजी खांब दिसला असता. म्हणून एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत चार गर्डर आडवे टाकायचे आणि त्यांच्यावर काँक्रीटची लादी ओतायची, असं ठरवलं. खरं तर त्या लांबीला चांगले जाड गर्डर हवेत. पण तसे गर्डर आमच्या घाटाच्या चढाला बैलांना झेपत नाहीत. तेव्हा मी हलके गर्डर घेतले आणि हिशेबात काँक्रीटलाही कामाला जुंपलं. लोखंड ताण सोसतं, काँक्रीट दाब सोसतं. दोघं एकमेकांना घट्ट धरून राहिले तर हलका गर्डरही जाड गर्डराचं काम करतो. एकमेकांना सोडलं, की दोघंही दुबळे.

कसं ते बघायचं असेल तर तुमच्या हातातला हाच अंक आडवा धरा आणि जरा वाकवा. हळू, शेजाऱ्याकडून वाचायला आणला असेल तर. पानं टोकाला एकमेकांवरून सरकलेली दिसतील. मध्ये फार सरकत नाहीत, सरकतात ती टोकाला. आता दोन्ही टोकं चिमटीत गच्च धरा आणि पुन्हा वाकवून बघा. अंक एकदम ताठ होतो. सज्ज्याचंही तसंच. खाली लोखंड, वर काँक्रीट. ओझं पडलं की दोघं एकमेकांवरून सरकू बघतात, आणि सर्वांत जास्त सरकतात ते भिंतीजवळ, टोकांना. तिथली पकड म्हणजे सगळा खेळ. आणि ही पकड कशानं जाते? तेलानं. लोखंडावर थोडा गंज असला तर हरकत नाही, सुटे पापुद्रे घासून काढले की झालं. पण तेलकट लोखंडाला काँक्रीट धरत नाही.

गर्डर घाटातून आणले ते काळूदादानं. काळूदादा पोशेऱ्याचा. घरी भात आणि नागलीची शेती, चार चांगले बैल आणि माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलायची सवय. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मध्ये लोंबकळता गर्डर, अशी ती वरात घाटानं चढली. वळणावर मागची गाडी उचलून फिरवावी लागे. शेवटच्या गर्डराच्या वेळी एका वळणावर गाडी मागे घसरली आणि त्याचा पवळ्या नावाचा बैल पायानं कायमचा अधू झाला. मी तेव्हा तिथे होतो. काळूदादा ओरडला नाही, रडला नाही. पवळ्याचं तोंड मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, “झालं बाबा तुझं काम.” या धंद्यात मला जे थोडं सलतं, त्यात तो बैल आहे. नकाशावर मी घाट दोन रेघांत काढला होता.

पावसाळाभर गर्डरांची राखण करायला मी काळूदादालाच ठेवून घेतलं. आठवड्यानं गेलो तर त्यानं चारही गर्डरांना बैलांची नावं दिलेली. सर्ज्या, ढवळ्या, हरण्या, आणि जो आणताना बैल अधू झाला तो पवळ्या.

“सायेब, ह्यांना पावसाळी हवा बाधल. थोडं खुरासणीचं तेल चोळू का?”

मी अंगात संचारल्यासारखा ओरडलो. “तेल? काळूदादा, थेंबभर तेल लागलं तर सज्जा कोसळेल, बायका खाली पडतील, खाली पुरुष चेंगरतील, आणि दिवाणसाहेब मला शिरपामाळावर नेऊन उन्हात उभा करतील. तेलाचं नाव काढायचं नाही!”

“नाय काढत,” तो म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळला. पाळला हेच तर झालं.

श्रावण संपता संपता गर्डर भिंतींत बसले. खाली फळ्यांचा साचा तयार झाला, वर सळयांची जाळी बांधून झाली. विलायती सिमेंटची पिंपं सज्ज्यापुरती आणि वर एखादं, एवढीच मोजून आली होती. घाट पावसानं खचलेला, नवं पिंप दसऱ्याआधी येणं शक्य नव्हतं. काँक्रीट ओतल्यावर ते पक्कं व्हायला महिना तरी द्यावा लागतो. म्हणून पोळ्याचा दिवस सुट्टीचा सोडून दुसऱ्याच दिवशी ओतायचं ठरलं.

त्या सकाळी मी परांचीवर उभा. नवं धोतर, नवा कोट, हातात छडी. नाटकात पहिला प्रवेश असतो तसा. खाली खडी, वाळू, सिमेंट मिसळलं जात होतं. घमेली हातोहात वर येत होती. पहिली काही घमेली पवळ्याच्या टोकावर, भिंतीजवळ पडली. मी पुढे वाकून बघितलं, तर सिमेंटच्या करड्या रसात एक पिवळी रेघ तरंगत होती.

मी बोट घातलं. वास घेतला. हळद.

“थांबा!” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की खाली एकाच्या हातून घमेलं सुटलं. “कुणी लावलं हे?”

काळूदादा पुढे आला. कपाळाला गंध, अंगात धुतलेली बंडी, चेहरा प्रसन्न.

“मीच लावलं, सायेब. परवा खांदेमळणी व्हती ना.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जो खांदा जू वाहतो, त्याला हळद चोळायची, मऊ करायचा, त्याचे आभार मानायचे. काळूदादा घरी जाऊन बैलांचे खांदे मळून आला आणि मग या चौघांचेही मळले. आणि खांदे कुठले? जिथे ते भिंतीत टेकतात ते. दोन्ही टोकं. म्हणजे जिथे पकड हवी, नेमकं तिथेच.

“तुला मी काय सांगितलं होतं? तेल लावायचं नाही!”

“तेल नाय लावलं, सायेब,” तो दुखावून म्हणाला. “लोणी लावलं.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या घरच्यांना विचारा, हे किती क्वचित घडतं.

तो पुढे सांगू लागला. घरची एकच गाय दुभती. पोरांना न देता आठवडाभर लोणी साठवलेलं. “पवळ्याला जरा जास्ती लावलं. तो त्याच्या जागी आलाय ना.”

आता अशा माणसावर ओरडायचं कसं? मी तरी ओरडलो, कारण सवय होती. आधी ओतलेलं काँक्रीट काढायला लावलं. घट्ट होण्याआधी ते हातांनी, थापीनं, जे मिळेल त्यानं खरवडून घमेल्यांत भरलं. एवढं सिमेंट वाया जाणार म्हणून मी कपाळाला हात लावला, तोच भागीरथीबाई दारात उभ्या. गावात काही बिघडलं की त्यांना वासानं कळतं.

“फुकट जातंय का ते? मग उशीर कशाला? दवाखान्याच्या मोरीपाशी ओता. बाळंतिणींचे कपडे धुवायला धड दगड नाही.”

मला काही बोलता येण्याआधी ते काँक्रीट दवाखान्याकडे गेलंसुद्धा. तो धुण्याचा ओटा अजून आहे, आणि इतका भक्कम आहे की माझी सगळ्यांत चांगली इमारत तीच, असं माझी बायको म्हणते.

मग भागीरथीबाई परांचीवर चढून गर्डरांकडे बघून म्हणाल्या, “लोणीच ना? आम्ही रोज ताकाची मडकी घासतो. कढत पाणी, राख, रिठा आणि धुण्याचा सोडा. आणि तुम्ही खाली जा, वाटेत येता.”

दुपारपर्यंत गावातल्या बायका जमल्या. पदर खोचून, काथ्यानं त्यांनी गर्डरांची टोकं अशी घासली, की बाजारातून बघे आले. एक म्हातारी म्हणाली, “माझ्या नातवाला सुद्धा दिवाळीला एवढं चोळत नाही.” दुसरी म्हणाली, “नातू सज्जा धरून ठेवणार आहे होय?”

संध्याकाळी लोखंड करडं, कोरडं, स्वच्छ झालं. सगळे घरी गेले. मी आणि काळूदादा उरलो, आणि माझ्या मनात शंका उरली. हिशेबात मी पकड पूर्ण धरली होती. धुतलं खरं, पण गर्डराच्या पट्ट्याखाली, भिंतीच्या फटीत लोणी शिरलं असेल तर? उरलेलं सिमेंट जेमतेम पुरणार होतं. पुन्हा काढून पुन्हा ओतणं नाही. ओतलं आणि पकड नसली, तर दसऱ्याला तिथे बायका बसवायच्या कशा? आणि नाही बसवल्या, तर दप्तरं.

काळूदादा उरलेला काथ्या गोळा करत होता. मला त्याचा राग आला, आणि माझा स्वतःचाही.

“अरे, खांदा मळतोस, पण हा बैल आहे का? याला कातडी आहे का? याला शिंग आहे? याला वशिंड आहे?”

आणि मी तिथेच थांबलो. हात वर, तोंड उघडं.

काळूदादा घाबरला. “सायेब, चमक भरली का?”

वशिंड! बैलाच्या मानेवर जू कशानं टिकतं? कातडीला चिकटतं म्हणून? मुळीच नाही. बैलाचा खांदा तर तेलानं, घामानं कायम निसरडा. जू मागे सरकायला लागलं की वशिंडाला अडतं. माझ्या गर्डराची पाठ सपाट होती, म्हणून मला पकडीची चिंता. त्या सपाट पाठीवर लोखंडाचे उभे उंचवटे पक्के बसवले आणि ते काँक्रीटमध्ये बुडाले, तर काँक्रीट सरकणार कुठे? लोणी लागो, तूप लागो, त्याला वशिंड ओलांडता येणार नाही.

काळूदादाला मी हे सांगितलं, हातवारे करून, मध्ये बैल होऊन, मध्ये जू होऊन. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मंग इतका टाइम बिनवशिंडाचा बैल जुंपत व्हता का तुमी?”

“तू गप्प बस.”

“बसतो. पण वशिंडं आणणार कुठनं?”

जाड लोखंडी पट्टी मुंबईलाच मिळाली असती. पण आमच्याकडे एक जाड पट्टी गावोगाव असते, बैलगाडीच्या चाकाची धाव. काळूदादा दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याहून परतला तो घाटात मोडलेल्या गाडीच्या धावा घेऊन. लोहारानं त्या तापवून तुकडे केले, काटकोनात वाकवले. गर्डरांच्या पाठीला हातयंत्रानं भोकं पाडली. ते काम इतकं सावकाश चालायचं, की लोहार म्हणाला, “यापेक्षा दातांनी कुरतडून लवकर भोक पडेल.” एकेक तुकडा बोल्टनं आवळला. टोकांना दाट, मध्ये विरळ, कारण सरकणं टोकाला जास्त. सगळं झालं तेव्हा चारही गर्डर खरंच बैलांसारखे दिसायला लागले, एकाला अनेक वशिंडं असलेले. काळूदादा त्यांच्याकडे बघून इतका खूष झाला, की मी त्याला त्यांच्याजवळ एकटं सोडायला तयार नव्हतो.

काँक्रीट ओतलं. शेवटचं घमेलं पडलं तेव्हा पिंपांच्या तळाला झाडून घ्यायलाही सिमेंट उरलं नव्हतं. मग रोज ओलं ठेवायचं, झाकायचं, वाट बघायची. या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग तो. माझ्यासारख्या माणसाला काही न करता, न बोलता थांबणं म्हणजे शिक्षाच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओझ्याची परीक्षा. मी हिशेबात वाळूची पोती धरली होती. पण पाऊस लांबला, नदीला पूर, वाळू पाण्याखाली. दिवाणसाहेब म्हणाले, “मग ठेवूया पुढे. तोवर दप्तरं...”

“वाळू नसली तर पाणी आहे,” भागीरथीबाई दारातूनच म्हणाल्या. “पाण्याचं वजन यांना ठाऊक असेल ना?”

ठाऊक होतं. एका बाईच्या जागी दोन हंडे, एक कळशी आणि पाटीभर दगड, असं मी सांगितलं. बसणाऱ्या बाईपेक्षा चांगलंच जास्त. आणि मग जव्हारच्या बायका हंडे घेऊन जिन्यानं वर जाऊ लागल्या. मला वाटलं होतं, परीक्षा आहे, गंभीरपणे होईल. पण प्रत्येकीनं आपला हंडा आपल्याला बसायचंय तिथेच ठेवला.

“ही माझी जागा.”

“तुझा हंडा कडेला सरकव, माझी कळशी आधी आली.”

“पुढच्या रांगेत तुझं काय काम? तुला तर नाटकात झोप लागते.”

“ओव्हरसियरसाहेब, हिचे हंडे अर्धेच भरलेत! लबाड!”

खाली मी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बांधलेल्या सुतळीकडे बघत होतो. सुतळी आणि सज्ज्याचं पोट यांच्यातलं अंतर हळूहळू बदलत गेलं. किती? नागलीच्या एका दाण्याएवढं. दिवाणसाहेब माझ्या शेजारी उभे, हात मागे बांधून.

तेवढ्यात वर ‘कड’ असा आवाज झाला.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. मग भिंतीच्या कडेनं पाणी टपकलं, दिवाणसाहेबांच्या बाहीवर. त्यांनी बाहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ओव्हरसियर, सज्जा गळतो.”

वरून भागीरथीबाईंचा आवाज आला. “सज्जा नाही हो, माझं मडकं! कोणी ठेवला त्यावर दगड?”

रात्रभर ओझं तसंच ठेवलं. सकाळी हंडे खाली आले, आणि मी सुतळीपाशी गेलो. तो नागलीचा दाणा भरून आला होता, अंतर पुन्हा पहिल्याइतकं. सज्जा होता तिथे उभा. दिवाणसाहेबांनी स्वतः वाकून बघितलं, सुतळीला बोट लावलं. मग म्हणाले, “दप्तरं दुसरीकडे बघू.”

खेळ मी दुपारी ठेवायला लावला होता, म्हणजे पाड्यांवरच्या बायकांना उजेडात घरी जाता यावं. सज्जा गच्च भरला. दाभोशापासून बायका आल्या होत्या. काळूदादाची बायको बारकीबाई पहिल्या रांगेत, भागीरथीबाईंच्या शेजारी. मी नाटक पाहिलं नाही. मी सज्ज्याखाली उभा राहून छताचं पोट पाहत होतो. दुसऱ्या अंकात नायिका रडली तेव्हा वर सगळ्या रडल्या. तिसऱ्या अंकात खलनायक पाय घसरून पडला आणि वर एकदम टाळ्या, हसणं, पाय आपटणं. हंड्यांनी पाय कुठे आपटले होते!  चुन्याचा कण खाली पडला नाही.

खेळ सुटला. बायका जिन्यानं उतरल्या. काळूदादा खाली मुंडासं सोडून वारा घेत उभा होता. मी बारकीबाईंना विचारलं, “काय, दिसलं ना नीट?”

“आख्खं दिसलं, सायेब,” त्या म्हणाल्या. “नाटक बी बरं व्हतं.”

“नाटक बी? म्हणजे दुसरं काय बघितलंत?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “आमी आजवर बापयांस्नी खालनंच बघितलं. वरनं कवा बघितलं नव्हतं. ह्यांच्या डोईला एवढं टक्कल पडलंय, मना ठावंच नव्हतं.”

काळूदादाचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

“हळू बोल, बारके,” मागून भागीरथीबाई म्हणाल्या. “एकट्या तुझ्या नवऱ्याचं नाही. पुढच्या खुर्च्यांवर तर असे काही आहेत, की त्यांच्या घरीसुद्धा माहीत नसेल.”

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जव्हारच्या प्रत्येक पुरुषाच्या माथ्याची चर्चा झाली, हे मला माझ्या बायकोनं सांगितलं. माझ्याविषयी काय ठरलं, ते तिनं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या खेळाला दिवाणसाहेब आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. पूर्वी उकाडा झाला की ते पगडी काढून मांडीवर ठेवत. त्या दिवशी घाम कानांवरून गळ्यापर्यंत आला, तरी त्यांचा हात पगडीकडे गेला नाही. दोनदा त्यांनी सावकाश मान वळवून मागे, वर पाहिलं.

सज्जा काठोकाठ भरलेला होता.